भाजून झालेल्या भांड्याची डागडुजी

भट्टी उघडताना आधी हात आवर. झाकण दोन बोटं वर करून आत डोकावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तापमान 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय भांडं बाहेर काढलंस, तर नसलेला दोष तूच निर्माण करशील. गार झालेली भांडी टेबलावर मांड आणि घासायला काही हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाबद्दल स्वतःला दोन प्रश्न विचार. हा दोष कशाने आला? आणि हे भांडं कुणाच्या घरी, कशासाठी जाणार आहे? दुरुस्ती जमेल की नाही ते पहिल्या प्रश्नावरून कळतं, करावी की नाही ते दुसऱ्यावरून.

माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिला प्रश्न पटकन शिकतात, दुसरा विसरतात. फुलदाणीला जे चालतं ते आमटीच्या वाडग्याला चालत नाही. आपलं जेवण आंबट असतं. चिंच, कोकम, लिंबू, ताक, लोणचं, सगळं आंबट. ग्लेझमध्ये जे नीट वितळून बांधलं गेलेलं नसेल ते आंबट पदार्थ ओढून काढतो. म्हणून अन्नाला लागणाऱ्या भांड्याची दुरुस्ती फक्त भट्टीत करायची. चिकटवून, रंगवून किंवा वार्निश फासून नाही. माझ्या स्टुडिओत या नियमाला कुणासाठीच सूट नाही.

तपासणीला घाई नको. लाकडी चमच्याने काठावर हलकी टिचकी मार. अखंड भांडं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं, मग चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. त्यानंतर बोटं फिरव, पण बुडाजवळ सावकाश, कारण तुटलेल्या ग्लेझची धार म्हणजे काचेचीच धार. शेवटी भांडं पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव. सकाळी कागद सुरकुतला असेल तर भांडं पाझरतं आहे.

तडा सापडला तर भिंग घेऊन त्याची कड बघ. ग्लेझची कड गोलसर, वितळून आत वळलेली असेल तर तडा ग्लेझ वितळण्याआधीचा आहे. तो वाळताना पडलेला असेल, बिस्कमध्ये, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत, पडलेला असेल किंवा चढत्या आचेत. कड धारदार असेल तर भांडं थंड होताना फुटलं. एकदा हे वाचता आलं की पुढच्या खेपेला काय बदलायचं ते भांडंच सांगतं. पहिल्या प्रकारात चूक चाकावर किंवा वाळवणीत शोधायची, दुसऱ्यात भट्टी लवकर उघडली का, किंवा आतलं आणि बाहेरचं ग्लेझ एकमेकांशी जुळत नाही का ते पाहायचं. बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडली असेल, तर चाकावर बूड नीट दाबलं गेलेलं नाही.

पण तड्याचं कारण कळलं म्हणून तडा सांधता येत नाही. चिरेत ग्लेझ भरून पुन्हा भाजलं तर बहुतेक वेळा चीर अधिकच रुंदावते, आणि वरून बुजलेली दिसली तरी खाली ती असतेच. कपाच्या कानाच्या सांध्यात केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो कप मोडीत काढ. उकळत्या चहाने भरलेला कप कुणाच्या मांडीवर निसटावा इतकी कुठल्याच कपाची किंमत नसते.

आता घासण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण निम्मे दोष नुसत्या घासण्याने जातात आणि नेमकं तेच काम लोक आळसाने करतात. बुडाला चिकटलेला शेल्फचा कण, ओघळून खाली गोठलेला थेंब, खडबडीत पाया, ग्लेझमध्ये पडलेली विटेची कणी, या सगळ्यांवर उपाय घासण्याचाच. ग्रॅनाइट घासणाऱ्या कारागिरांच्या दुकानात हाताने वापरायचे डायमंड पॅड मिळतात. 60 किंवा 120 नंबरचा जाड, मग 200, मग 400, असे तीन घेतलेस तरी भागतं. गाड्यांना रंग देणारे जो काळा वॉटर पेपर वापरतात तोही शेवटच्या गुळगुळीतपणासाठी चांगला. परातीत पाणी घे, भांडं पाण्याखाली धर आणि हातानेच घास. पाण्यामुळे धूळ उडत नाही. ही धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात बसली की परत निघत नाही, आणि सिलिकोसिसवर औषध नाही. कोरडं घासायची वेळ आलीच तर अंगणात, चांगला मास्क लावून, डोळ्यांवर चष्मा चढवून. विजेवर चालणारा ग्राइंडर आणि पाण्याची परात एका जागी कधीही आणू नकोस. मोठा थेंब काढायला छोटं रोटरी टूल वापरत असशील तर ओल्या स्पंजने टिपत टिपत काम कर, आणि थेंब ठोकून उडवायचा प्रयत्न करू नकोस. ठोकल्यावर थेंबासोबत पायाचा टवकाही निघून येतो.

भांडं शेल्फलाच चिकटलं असेल तर ओढू नकोस. लाकडी मुठीने पायाजवळ चहूबाजूंनी हळूहळू ठोक, बऱ्याचदा सुटतं. शेल्फवर ॲल्युमिना हायड्रेट आणि केओलीन निम्मंनिम्मं कालवून लेप दिलेला असेल तर हमखास सुटतं. झाकण बसत नसेल, डगमगत असेल, तर गॅरेजवाल्याकडून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आण. झाकणाच्या बैठकीत थोडी लाव आणि झाकण पुढेमागे फिरवत राहा. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घासून जुळतात. नंतर साबणाने, ब्रशने, गरम पाण्याने धू. पेस्ट तेलकट असते आणि तिचे कण कानाकोपऱ्यात लपतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेव, पुस्तकात ती सहज सापडत नाही. घासण्याचे दगड आणि काळा कागद बहुतेक सिलिकॉन कार्बाइडचे असतात. त्याचे कण ग्लेझमध्ये राहिले आणि भांडं पुन्हा भट्टीत गेलं, तर ते कण वायू सोडतात आणि तिथे नवे फोड उठतात. काही कलाकार ज्वालामुखीसारखं खडबडीत ग्लेझ मिळवायला हाच पदार्थ मुद्दाम घालतात. तेव्हा जे भांडं पुन्हा भाजायचं आहे ते शक्यतो डायमंडने घास, आणि कशानेही घासलंस तरी जुन्या टूथब्रशने खळखळून धू.

आता भट्टीत परत जाणाऱ्या दोषांकडे येऊ. सगळ्यात सोपा म्हणजे कच्चं राहिलेलं ग्लेझ. पावसाळ्यात मधेच वीज जाते, एखादी कॉइल थकलेली असते, भट्टीच्या तळाला आच पोचत नाही. भांडं निस्तेज, कोरडं दिसतं. त्याला काहीही न लावता नीट आचेवर पुन्हा भाज, बस. त्यासाठी प्रत्येक थरावर एक कोन, म्हणजे आचेने वाकणारा मातीचा छोटा सुळका, ठेवायची सवय हवी. कंट्रोलरचा आकडा म्हणजे एका कोपऱ्यातल्या थर्मोकपलचा आकडा. कोन वाकतो तो आच आणि वेळ दोन्ही मिळून. कोन 6 म्हणजे साधारण 1220 ते 1240 अंश सेल्सिअस, आच किती वेगाने चढवली त्यावर नेमका आकडा अवलंबून.

सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली असतील तर बहुधा मातीतून वायू उशिरा निघाला आणि ग्लेझला ती वाट बुजवायला वेळ मिळाला नाही. मातीत काडीकचरा असेल किंवा बिस्क घाईत झालं असेल तर हे होतं. छिद्रं घासून थोडी उघडी कर, दाट ग्लेझ बोटाने दाबून भर आणि पुन्हा भाज. भाजताना वरच्या आचेला पोचल्यावर साधारण 50 अंश खाली उतर आणि तिथे अर्धा तास थांब. ग्लेझ त्या वेळी थोडं दाट झालेलं असतं, नवे बुडबुडे उठायला बळ नसतं आणि आधीची छिद्रं मिटतात. फोड असतील तर आधी त्यांची टोपी घासून सपाट केल्याशिवाय वर ग्लेझ लावू नकोस, पोकळी तशीच आत राहते. बिस्क पुढच्या खेपेपासून सावकाश आणि थोडं वर, कोन 04 ला कर.

ग्लेझ आकसून उघडी माती दिसत असेल तर बिस्कवर धूळ असते, हाताचं तेल लागलेलं असतं, किंवा ग्लेझ फार जाड बसून वाळतानाच भेगाळलेलं असतं. वाळलेल्या ग्लेझवर अशा भेगा दिसल्या तर भट्टीत घालण्याआधीच बोटाने चोळून मिटवायच्या, म्हणजे दुरुस्तीची वेळच येत नाही. आकसलेल्या जागेच्या कडा गुंडाळून जाड झालेल्या असतात. त्या घासून उतरवल्या नाहीत तर वर लावलेलं ठिगळ कायम उठून दिसेल.

ठिगळ बसतं कसं, हीच खरी अडचण. बिस्क पाणी पितं, म्हणून ग्लेझ त्याला धरतं. भाजून पक्कं झालेलं भांडं पाणी पीत नाही आणि ग्लेझ घसरून जातं. त्यावर तीन उपाय आहेत, मी ते एकत्रच वापरते. त्याच बॅचचं ग्लेझ तळापासून ढवळून वाडग्यात घे आणि उघडं ठेवून दे. पाणी उडून ते इडलीच्या पिठाइतकं दाट होऊ दे. वर साचलेलं पाणी ओतून टाकायचा सोपा मार्ग धरू नकोस, काही ग्लेझमधले घटक त्या पाण्यात विरघळलेले असतात आणि त्यांच्याबरोबर ग्लेझचा स्वभावही जातो. मग त्यात आदल्या रात्री भिजवलेला सीएमसी डिंक थोडा मिसळ. भांडं साबणाने धुऊन, वाळवून, ओव्हनमध्ये किंवा भट्टीतच 80-90 अंशांपर्यंत तापव. हातमोजे घालून धर आणि गरम असतानाच मऊ ब्रशने ग्लेझ टेकव. पाणी लगेच उडतं आणि थर जागच्या जागी बसतो. एक थर वाळला की दुसरा. आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेव, वितळल्यावर खाली बसतं. मोठ्या जागेवर मात्र ठिगळाच्या कडेला नेहमी फरक दिसतो. म्हणून मोठा डाग असेल तर सगळं भांडंच पुन्हा हलकं फवारून घे.

आता दुसऱ्या भाजणीचा नियम. पहिल्यापेक्षा सावकाश, हे कपाटावर लिहून ठेव. बिस्क सच्छिद्र असतं, आचेचे धक्के सोसतं. पक्कं झालेलं भांडं घट्ट असतं, वर ग्लेझच्या ताणाखाली असतं. मातीत तयार झालेलं क्रिस्टोबलाइट सव्वादोनशे अंशांच्या आसपास, आणि क्वार्ट्झ 573 अंशांना, एकदम आकार बदलतं. चढताना फुगतं, उतरताना आकसतं. भांड्याची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असेल तर इथेच तडकतं. म्हणून 600 अंशांपर्यंत तासाला 60-80 अंशांपेक्षा जास्त वेग नको, मोठ्या ताटांना त्याहून कमी. वापरलेलं भांडं कुणी दुरुस्तीला आणलं असेल तर आणखी काळजी घे. बुडाच्या उघड्या मातीने पाणी आणि तेल प्यालेलं असतं. 100 अंशांच्या जरा खाली काही तास, जमलं तर रात्रभर, ठेवूनच पुढे जा. नाहीतर आतली वाफ टवके उडवते. ओघळणारं ग्लेझ असेल तर खाली बिस्कची ताटली ठेव, तीवर ॲल्युमिनाचा लेप दे.

दुसऱ्या भाजणीत रंग बदलतील, हे आधीच मनाशी धर. लोहाची ग्लेझ गडद होतात, वाहती ग्लेझ आणखी वाहतात, आणि गॅसच्या भट्टीत कमी हवेत मिळालेला तांब्याचा लाल रंग विजेच्या भट्टीत बहुतेक हिरवट होऊन परततो. माती सोसण्याच्या हद्दीवर असेल तर ती फुगून तिच्यावर पुटकुळ्या येतात. एका भांड्याला मी एकदाच परत पाठवते. दुसऱ्यांदा केवळ फार जीव लावलेल्या भांड्यासाठी, आणि तेही शेल्फवर बाकी भांड्यांपासून लांब ठेवून. प्रत्येक वेळी वहीत लिही: कुठलं ग्लेझ, कुठला दोष, काय लावलं, किती आच, काय झालं. ती वही तुझ्या भट्टीचं पुस्तक बनेल, इतर कुणाची भट्टी तुझ्या भट्टीसारखी वागत नाही.

जाळीसारख्या बारीक रेषांचं प्रकरण वेगळं आहे. ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणाने तडकतं. हा जोडीचा दोष आहे, त्या एका भांड्याचा नव्हे. म्हणून पुन्हा भाजून तो सहसा जात नाही, काही काळ लपतो आणि कपाटात उभ्या भांड्यावर परत उमटतो. दुरुस्ती ग्लेझच्या बादलीत करायची. सिलिका वाढव, सोडा-पोटॅशचं फेल्डस्पार कमी कर, मग नमुना कप उकळत्या पाण्यात आणि तिथून बर्फाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा घालून बघ. चीनमध्ये सोंग काळात अशीच जाळी मुद्दाम आणून तिला सौंदर्य मानलं गेलं, आणि शोभेच्या भांड्यावर मलाही ती फार आवडते. पण लोणच्याच्या बरणीवर ती नको. तुझ्या आजीच्या घरी बरणीला बाहेरून मीठ फुटलेलं तू पाहिलं असशील. रेषांतून खारं पाणी सच्छिद्र मातीत शिरतं, बाहेर येऊन सुकतं, आणि मिठाचे स्फटिक ग्लेझ उचलून टाकतात. अशी बरणी दुरुस्त होत नाही, तिच्यात छत्र्या ठेव.

याच्या उलट दोषात ग्लेझ मातीपेक्षा कमी आकसतं आणि काठावरून, कानाच्या कडेवरून पात्यासारखे तुकडे आपोआप उडतात. त्यावर दुरुस्ती नाही, सवलतीत विक्रीही नाही. तो तुकडा कुणाच्या तरी घासात जाऊ शकतो. फोडून टाक.

लोहाचा एखादा काळा ठिपका पांढऱ्या ग्लेझवर खुपत असेल, तर ग्लेझच्या वर लावून 750-800 अंशांना भाजायच्या रंगांनी त्याच्याभोवती पान-फूल काढून तो नक्षीत घेता येतो. पण त्यातल्या काही लाल-पिवळ्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असतं, तेव्हा बाहेरच्याच बाजूला.

भट्टीबाहेरची दुरुस्ती शोभेच्या वस्तूंसाठी आहे. दिव्याचा बुंधा, कुंडी, भिंतीवरची फरशी फुटली तर दोन नळ्यांचा अ‍ॅराल्डाइट वापर, आणि सावकाश सुकणारा घे. लवकर सुकणाऱ्यापेक्षा तो अधिक घट्ट धरतो. तुटलेल्या कडा स्पिरिटने पुसून कोरड्या कर, आधी गोंद न लावता तुकडे जुळवून क्रम ठरव, मग दोन्ही नळ्यांतलं समान घेऊन पातळ लाव, वर चिकटपट्टी ओढून बांध आणि 24 तास हात लावू नकोस. टवका भरायचा असेल तर त्याच मिश्रणात बारीक वाळू आणि कोरडा रंग मिसळ. हा गोंद आचेने मऊ होतो, त्यात चहा-आमटी कधीच नाही.

सोन्याच्या रेघांनी जोडलेली जपानी भांडी हल्ली सगळ्यांना करायची असतात, ती किंत्सुगी. अस्सल किंत्सुगीत उरुशी नावाच्या झाडाचा चीक लागतो. कच्चा असताना तो अंगाला लागला तर पुरळ उठतो, दमट उबदार पेटीत ठेवून तो हळूहळू वाळतो, आणि काम आठवडे-महिने चालतं. पूर्ण वाळलेल्या उरुशीचे वाडगे जपानात रोज जेवणात असतात. बाजारात मिळणाऱ्या संचांत मात्र बहुधा तोच दोन नळ्यांचा गोंद आणि सोनेरी भुकटी असते, तेव्हा त्या भांड्यात खाऊ नये. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात चीनच्या लोंगछ्वान भट्ट्यांतला एक हिरवट सेलाडॉन वाडगा आहे. त्याला तडा गेल्यावर शोगुन आशिकागा योशिमासाने तसाच दुसरा मागवण्यासाठी तो चीनला पाठवला, तिथे तसा आता होत नाही म्हणून लोखंडी टाके मारून परत आला, अशी त्याची कथा सांगतात. टाके लपवलेले नाहीत, आणि मला तो वाडगा अखंड असता त्याहून अधिक आवडतो. शोभेची दुरुस्ती करशील तेव्हा ती दिसू दे.

भट्टीतून दुरुस्त होऊन आलेल्या प्रत्येक खाण्याच्या भांड्यावर, ठिगळ लावलेल्या जागी, लिंबाची फोड 24 तास ठेवून बघ. रंग फिका पडला किंवा चकाकी गेली तर ते भांडं नापास. डाग पडला नाही म्हणून ते प्रयोगशाळेत तपासल्याइतकं पक्कं ठरत नाही, म्हणून ग्लेझ विकत घेताना शिसं नसलेलंच घे. विकताना गिऱ्हाइकाला सांग की हे भांडं एकदा दुरुस्त केलेलं आहे, कुठे ते बोट ठेवून दाखव, आणि त्यानुसार किंमत लाव.